गर्भ, पारा आणि पूर्वकर्म : मिनामाताच्या मातांची साक्ष

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाच्या एका परिव्राजकाचा प्रसंग आला आहे. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात विहार करीत असताना हा परिव्राजक त्यांच्याकडे आला आणि त्याने विचारले की, माणसाच्या अनुभवास जे जे सुख येते, जे जे दु:ख येते, ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच येते असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. यावर आपले म्हणणे काय? भगवंतांनी दिलेले उत्तर सूक्ष्म आहे. काही वेदना पित्तामुळे उत्पन्न होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिहींच्या सन्निपातामुळे. काही ऋतुपालटामुळे, काही विषम आहारविहारामुळे, तर काही बाहेरून झालेल्या आघातामुळे. कर्मविपाक हे या यादीतील आठवे आणि शेवटचे कारण होय. सारेच दु:ख पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक स्वत:च्या अनुभवालाही सोडून जातात आणि जगात जे सत्य म्हणून सर्वमान्य आहे त्यालाही सोडून जातात, म्हणून त्यांचे म्हणणे मिथ्या आहे, असा निर्वाळा भगवंतांनी तेथे दिला आहे.

कर्मसिद्धान्ताच्या चर्चेत हे सुत्त नेहमी उद्धृत केले जाते. प्रस्तुत लेखात त्याचे स्मरण एका अगदी ऐहिक प्रश्नाच्या निमित्ताने केले आहे. मूल आईच्या पोटातूनच व्यंग घेऊन जन्मास येते, ते का? ज्या जिवाने अद्याप एक श्वासही घेतलेला नाही त्याच्या दु:खाचे कारण कोठे शोधावयाचे? पूर्वजन्माच्या कर्माचा पुरस्कार करणाऱ्यांना याहून सोयीचे उदाहरण दुसरे मिळत नाही. येथे या जन्मीचे कर्म नाही, म्हणजे ते मागच्या जन्मीचे असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. आपल्याकडे याच युक्तिवादाचे घरगुती रूप म्हणजे ग्रहण. ग्रहणकाळात गर्भवतीने विळी-सुरी हाती धरली, भाजी चिरली, तर मुलाचा ओठ फाटतो, ही समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्व जातींत होती आणि अद्याप ती पुरती गेलेली नाही. वरवर पाहता कर्म आणि ग्रहण या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. व्यंगाचा दोष शेवटी आईच्या पदरात पडतो. तिने काहीतरी केले, या जन्मी तरी किंवा मागच्या जन्मी तरी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची जी चिकित्सा केली आहे ती नेमकी याच ठिकाणी येऊन थांबते. अपत्याला जे मिळते ते आईवडिलांकडून मिळते, हे शरीरशास्त्र त्यांनी पुढे ठेवले आणि मग विचारले की, तरीही हा सिद्धान्त टिकून राहतो तो कोणाच्या सोयीसाठी? त्यांचे उत्तर असे की, दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला टाळता यावी, एवढाच त्याचा उपयोग. हे विधान अनेकांना फार कठोर वाटते. तथापि विसाव्या शतकात जपानमधील मिनामाता या गावी जे घडले ते पाहिले म्हणजे या विधानाचा शब्दन् शब्द किती मोजून लिहिला आहे याची प्रचीती येते. मिनामाताची कथा आपल्याकडे प्रदूषणाची कथा म्हणून ठाऊक आहे. तिच्यातील गर्भाचे आणि मातांचे प्रकरण मात्र क्वचितच सांगितले जाते.

मिनामाता हे क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील, कुमामोतो प्रांतातील गाव. समोर शिरानुई समुद्र. हा चहूबाजूंनी बेटांनी वेढलेला, जवळजवळ सरोवरासारखा शांत समुद्र मासळीने समृद्ध होता. १९०८ मध्ये येथे निप्पोन चिस्सो या कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि पुढे गावाची रोजी, कर, राजकारण सारे त्या कारखान्याभोवती फिरू लागले. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्या प्रक्रियेत पाऱ्याचा उपयोग उत्प्रेरक म्हणून होत असे आणि त्यातून मिथिल मर्क्युरी हे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग तयार होऊन सांडपाण्यातून ह्याक्केन बंदरात जात असे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला उद्योगाची घाई झाली, उत्पादन झपाट्याने वाढले, आणि त्याबरोबर समुद्रात जाणारे विषही वाढले.

किनाऱ्यावरच्या वाड्यांतून राहणारे कोळी गावाच्या उतरंडीत सर्वांत खाली होते. त्यांच्यातील अनेक कुटुंबे समोरच्या अमाकुसा बेटांवरून पोटासाठी आलेली होती. कारखान्यातील नोकरदार वरचे, शेतकरी मधले आणि मासे मारून खाणारे खालचे. तांदूळ परवडत नसे तेव्हा मासळी हेच त्यांचे जेवण. म्हणून विष सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांच्याच ताटात उतरले. १९५० नंतरच्या काही वर्षांत वाड्यांतील मांजरी पिसाटल्यासारख्या नाचू लागल्या, गरगर फिरू लागल्या, समुद्रात पडून मरू लागल्या. कावळे आकाशातून खाली कोसळू लागले. मग माणसांची पाळी आली. हातापायांना बधिरता, बोबडी वळणे, तोल जाणे, नजरेचा परीघ आकसत जाणे आणि अखेरीस आचके देत मृत्यू. एप्रिल १९५६ मध्ये एका सुतार कुटुंबातील पाच वर्षांच्या मुलीला आणि पाठोपाठ तिच्या धाकट्या बहिणीला कारखान्याच्याच रुग्णालयात आणण्यात आले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळविले की, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग येथे पसरला आहे. हाच दिवस मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाचा दिवस मानला जातो.

अज्ञात रोग म्हटल्याबरोबर समाजाने काय करावे? त्याने रोग्यांना वाळीत टाकले. हा साथीचा रोग असावा या संशयाने घरांवर जंतुनाशके फवारली गेली. शेजाऱ्यांनी येणेजाणे सोडले. दुकानदार या लोकांच्या हातचे पैसे हातात घेण्यास कचरू लागले. घरात रोगी आहे हे कळले की मुलामुलींची लग्ने मोडू लागली. पुढे रोग संसर्गजन्य नाही हे सिद्ध झाले, तरी वाळीत टाकणे संपले नाही. या घरांवर कसला तरी शाप आहे, हे लोक घाणेरडे राहतात, कुजके मासे खातात, असे बोलले जाऊ लागले. ज्या समाजाने पाणवठ्यावरची मनाई पिढ्यान् पिढ्या सोसली आहे त्याला यावर भाष्य करून सांगण्याची गरज नाही. जपानमध्ये बौद्ध धर्म दीड हजार वर्षांपासून नांदत आहे. परंतु समाजातील उतरंड आणि विटाळाची भावना तेवढ्याने नष्ट होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

रोगाचे कारण फार काळ अज्ञात राहिले नाही. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जुलै १९५९ मध्ये सेंद्रिय पारा हेच कारण असल्याचे जाहीर केले. स्वत: डॉ. होसोकावा कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना घालीत होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांच्या चारशेव्या क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. होसोकावांना तो प्रसिद्ध करू दिला नाही. (त्यांनी पुढे १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, रुग्णालयातूनच न्यायालयासाठी साक्ष दिली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अकरा वर्षांच्या मौनाचा न्याय करणे सोपे नाही. पण ते मौन अखेर मोडले याचीही नोंद असावी.) डिसेंबर १९५९ मध्ये कंपनीने सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र मोठा समारंभ करून बसविले, पारा काढून टाकण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस रोग्यांशी एक करार करण्यात आला. मृतामागे तीन लाख येन, जिवंत प्रौढाला वर्षाला एक लाख आणि मुलाला तीस हजार. या रकमेला नुकसानभरपाई म्हटलेले नव्हते. ते ‘सहानुभूतीचे पैसे’ होते. आणि पुढेमागे दोष कारखान्याचा ठरला तरी अधिक काही मागावयाचे नाही, अशी अट त्यात होती. दानाच्या भाषेत हक्क बुडविण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

आता मुख्य विषयाकडे येऊ. १९५५ नंतर याच वाड्यांतून अशी मुले जन्मू लागली की जी मान धरीत नव्हती, बसत नव्हती, बोलत नव्हती. ज्यांचे हातपाय वाकडे होत होते, तोंडातून लाळ गळत होती, ज्यांना घास गिळता येत नव्हता. डॉक्टरांनी त्यांना मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची मुले ठरविले. मिनामाता रोग विषारी मासळी खाल्ल्याने होतो. या मुलांनी तर मासळीचा घासही घेतलेला नव्हता. तेव्हा त्यांचा रोग निराळाच असला पाहिजे, हे त्यामागचे तर्कशास्त्र होते. त्याच्या मुळाशी त्या काळच्या वैद्यकातील एक दृढ समजूत होती. गर्भाशयातील वार ही जणू तटबंदी आहे; आईच्या रक्तात काहीही आले तरी वार ते अडविते आणि गर्भ सुरक्षित राहतो, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविले जात असे.

या तटबंदीला पहिले मोठे भगदाड १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात पडले होते. सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची मुले एकाएकी मोठ्या संख्येने येऊ लागली. ग्रेग यांनी मातांकडे चौकशी केली तेव्हा गरोदरपणाच्या आरंभी बहुतेकींना जर्मन गोवर येऊन गेल्याचे आढळले. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांचे आपसांतील बोलणे कानावर पडल्यामुळे त्यांना हा दुवा सापडला, असे सांगितले जाते. काही का असेना, दुवा मातांच्याच तोंडून आला. तरीही वैद्यकाने हा अपवाद मानला. रोगजंतू वार ओलांडू शकत असतील, पण रसायने आणि औषधे नव्हेत, ही समजूत कायम राहिली.

१९६१ च्या उन्हाळ्यात कुमामोतो विद्यापीठातील एक तरुण डॉक्टर, मासाझुमी हारादा, मिनामाताच्या वाड्यांतून घरोघर फिरत होते. एका घराच्या ओसरीवर दोन भाऊ खेळताना त्यांना दिसले. दोघांचीही लक्षणे सारखीच. दोघांनाही मिनामाता रोग असणार असे धरून त्यांनी आईशी बोलणे काढले. आईने सांगितले की, थोरल्याला मिनामाता रोग आहे, धाकट्याला नाही. हारादांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की, धाकट्याने मासळी खाल्लेली नाही, म्हणून त्याचा रोग तो नव्हे, असे डॉक्टरच सांगतात. आणि मग तिने आपले मत सांगितले. नवरा याच रोगाने गेला. थोरल्याला तोच रोग झाला. तीच मासळी मीही खाल्ली, तेव्हा हा पोटात होता. मी खाल्लेले विष याच्या अंगात गेले, म्हणून मी जगले आणि हा असा झाला. गावात त्याच वर्षी जन्मलेली अशी आणखीही मुले आहेत, ती जाऊन पाहा.

या बाईने कोणत्याही पोथीतले सांगितले नव्हते. पोथी तिच्या विरुद्ध होती. तिने फक्त ताटात काय आले, कोण जेवले, कोणाला काय झाले, हे ओळीने मांडले होते. हे असताना ते होते, हे नसताना ते होत नाही, या बौद्ध विचारपद्धतीशी तिचे बोलणे कसे जुळते हे अभिधम्माच्या अभ्यासकांना वेगळे सांगावे लागू नये. हारादांचे मोठेपण हे की, विद्यापीठातील ज्ञानापेक्षा त्यांनी ओसरीवरच्या ज्ञानाला कमी लेखले नाही. त्यांनी गावोगावच्या अशा मुलांची लक्षणे, जन्मवर्षे, घरची मासळी आणि घरातील इतर रोगी यांची तपासणी सुरू केली. एरवी अशी मुले दर हजारी जन्मांत दोन-तीन आढळतात. या वाड्यांत हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक होते. बहुतेक मातांना स्वत:ला रोगाची लक्षणे अगदी सौम्य होती किंवा वरवर दिसतच नव्हती, यामुळेच तर डॉक्टर फसले होते.

तरीही मान्यता मिळेना. ती मिळण्यासाठी मुले मरावी लागली, असे दु:खाने म्हणावे लागते. १९६१ मध्ये या मुलांपैकी एक मुलगी वारली आणि विद्यापीठात तिच्या मेंदूची तपासणी झाली; सप्टेंबर १९६२ मध्ये दुसरी वारली. दोन्ही मेंदूंत पाऱ्याच्या विषबाधेच्या खुणा स्पष्ट होत्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारी समितीने या दोघींसह सोळा जिवंत मुलांना गर्भावस्थेतच मिनामाता रोग झाला होता हे मान्य केले. मान्यतेबरोबर त्यांच्या पदरात काय पडले? १९५९ च्या त्याच करारातील वर्षाचे तीस हजार येन.

शास्त्रीय दृष्ट्या येथे काय सिद्ध झाले हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मिथिल मर्क्युरी शरीरातील सिस्टीन या द्रव्याशी जोडले जाते आणि मग ते मेथिओनीन या आवश्यक ॲमिनो आम्लासारखे दिसू लागते. गर्भाच्या वाढीसाठी वार ही आम्ले आईच्या रक्तातून ओढून घेत असते. म्हणजे वार या विषाला अडवीत तर नाहीच, उलट अन्न समजून आत घेते. म्हणूनच नाळेतील रक्तात पाऱ्याचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणापेक्षा अधिक आढळते. प्रौढ माणसाच्या मेंदूत हे विष दृष्टीचे केंद्र, लहान मेंदू अशा ठराविक भागांवर घाला घालते. गर्भाच्या मेंदूत पेशी अद्याप आपापल्या जागी जात असतात, त्यामुळे इजा सर्वत्र पसरते. आई वाचली आणि मूल असे झाले याचे कारण हेच. त्या बाईने ओसरीवर जे सांगितले होते ते पुढील संशोधनाने शब्दश: खरे ठरविले.

याच १९६१ सालाच्या अखेरीस वारेच्या तटबंदीचा सिद्धान्त दुसऱ्या बाजूनेही ढासळला. पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७ पासून थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध अगदी निर्धोक म्हणून विकले जात होते. गरोदर स्त्रिया सकाळच्या मळमळीवरही ते घेत. हातपायांऐवजी खुंट घेऊन जन्मणारी मुले वाढू लागली तेव्हा हॅम्बुर्गचे डॉ. विडुकिंड लेंझ यांनी घरोघरच्या मातांना विचारून हा संबंध शोधला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते औषध तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. गर्भधारणेनंतरच्या साधारण २० व्या ते ३६ व्या दिवसांत, म्हणजे अनेकदा आपण गरोदर आहोत हे स्त्रीला नीट कळण्याआधीच, घेतलेल्या गोळ्यांनी हे घडले होते. जगभर अशी दहा हजारांवर मुले जन्मली. जपानमध्ये त्याची विक्री सप्टेंबर १९६२ पर्यंत थांबविली गेली नाही. जर्मनीतील इशारा पोहोचल्यानंतरचे ते दहा महिने कोणाच्या पूर्वकर्मात घालावयाचे?

मिनामाताकडे परत वळू. गर्भातील विषाचा लेखी पुरावा मागणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी हारादांना एक अनपेक्षित साधन सापडले. आपल्याकडे बाळाची नाळ जमिनीत पुरतात. जेथे नाळ पुरली तो आपला गाव, असे आपण म्हणतो. जपानमध्ये नाळेचा वाळलेला तुकडा कापसात गुंडाळून लहानशा लाकडी पेटीत जपून ठेवण्याची प्रथा आहे. पेटीवर नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असते. गरीब कोळ्यांच्या घरांतूनही अशा पेट्या होत्या. हारादांनी त्या मागून घेतल्या आणि नाळांतील मिथिल मर्क्युरी मोजण्यात आले. १९७५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या वर्षांत कारखान्याचे ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन वाढले त्या वर्षांच्या नाळांत पारा वाढलेला होता, उत्पादन उतरले तसा तोही उतरला होता. इतिहासाच्या अभ्यासकाला शिलालेख, ताम्रपट, नाणी ही साधने माहीत असतात. आईने मायेने जपलेली नाळ हे कारखान्याच्या अपराधाचे दप्तर ठरावे, असे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात दुसरे आलेले नाही.

कारखान्याने ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन मे १९६८ मध्ये बंद केले, तेही जुनी पद्धत व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी झाल्यावर. सरकारने सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे सारे आटोपल्यावर, कारखाना हेच रोगाचे कारण असल्याचे मान्य केले. मधल्या काळात १९६५ मध्ये निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कारखान्यामुळे हाच रोग पुन्हा उद्भवला होता. तेथे गर्भातील रोगाचा अधिकृत रुग्ण एकच नोंदला गेला. त्याचे एक कारण असे की, ज्या स्त्रियांच्या केसांत पाऱ्याचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे होते त्यांनी मूल होऊ देऊ नये असा सल्ला अधिकाऱ्यांनी दिला. वैद्यकीय दृष्ट्या तो सल्ला चूक म्हणता येणार नाही. तथापि विष सोडणाऱ्याला आवर घालण्यास दशक लागते आणि स्त्रीच्या उदरावर निर्बंध घालण्यास काही महिने पुरतात, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मिनामाताच्या रोग्यांनी १९६९ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयात दावा दाखल केला. त्यांच्या लढ्यातील एक प्रसंग बौद्ध वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. रोग्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीचा एकेक समभाग विकत घेतला आणि नोव्हेंबर १९७० मध्ये ओसाका येथे भागधारकांच्या सभेला ते हजर झाले. अंगावर बौद्ध यात्रेकरूंची शुभ्र वस्त्रे, हातात घंटा, मुखी मृतांसाठी म्हणावयाची यात्रागीते आणि बरोबर काळे ध्वज; ध्वजावर एकच अक्षर, ज्याचा अर्थ आक्रोशातून साचलेला रोष असा होतो. सभेत मृत आईबापांच्या स्मृतिफलकांसह रोग्यांची मुले अध्यक्षांसमोर उभी राहिली आणि उत्तर मागू लागली. भक्तीची वस्त्रे शरणागतीसाठी नव्हती, जबाबदारी विचारण्यासाठी होती. धार्मिक विधीचा असा उपयोग पाहून काही जपानी सज्जनांना ते अनुचित वाटले असेल. आम्हांस तसे वाटत नाही.

२० मार्च १९७३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. कारखान्याची बेपर्वाई सिद्ध झाली आणि १९५९ चा सहानुभूतीचा करार सदाचाराविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरला. मात्र राज्यसंस्थेची जबाबदारी ठरण्यास आणखी एकतीस वर्षे लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, १९५९ अखेर कारण कळूनही सांडपाणी न रोखल्याबद्दल केंद्र सरकार आणि कुमामोतो प्रांत दोघेही दोषी आहेत.

मिनामाताच्या एका मातेने आपल्या गर्भरोगी मुलीला ‘रत्न’ म्हटले, कारण तिने आईच्या अंगातील विष स्वत:कडे ओढून घेतले आणि त्यामुळे आई व पाठची भावंडे वाचली. हे उद्गार जगभर गाजले. मातेचे हृदय त्यात आहे आणि ते वंदनीय आहे. व्यंग असलेल्या मुलाला ओझे किंवा पाप न मानता घरात मानाचे स्थान देणे ही लहान गोष्ट नव्हे. पण मुलीने त्याग केला असे म्हणण्याचा अधिकार केवळ त्या मातेला आहे. तेच वाक्य कंपनीच्या किंवा सरकारच्या तोंडी घातले, की गर्भाच्या त्यागाचा नवा पुराणग्रंथ सुरू होतो. तेथे त्याग नव्हता. तेथे अपराध होता.

येथे आपल्या इतिहासातील एका प्रसंगाकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे अशी भूमिका घेतली. त्याचा भार मुख्यत: सरकारने उचलावा, परंतु स्त्रियांच्या श्रमातून ज्याला लाभ होतो तो मालकही जबाबदारीतून सुटू शकत नाही, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. गर्भवतीची कुशलता ही तिच्या दैवाची किंवा तिच्या एकटीच्या सावधगिरीची बाब नसून राज्यसंस्था आणि मालक यांच्या कर्तव्याची बाब आहे, हे सूत्र मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाआधी अठ्ठावीस वर्षे मुंबईत मांडले गेले होते.

अर्थात प्रत्येक जन्मजात व्यंगामागे कारखाना असतो असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. आजही निम्म्याहून अधिक व्यंगांचे एकच एक निश्चित कारण सांगता येत नाही. काही आनुवंशिक असतात, काही संसर्गाने होतात, काही आहारातील उणिवेमुळे. फॉलिक आम्लाच्या साध्या गोळीने मज्जारज्जूच्या दोषांची पुनरावृत्ती सुमारे बहात्तर टक्क्यांनी कमी होते हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ही गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्यावी लागते. जर्मन गोवरावर लस आहे. मद्य आणि तंबाखू गर्भाला अपाय करतात. कोकणातील आपल्या भगिनींनी मिनामाताची कथा वाचून मासळी सोडू नये. पारा साठतो तो मुशीसारख्या मोठ्या, इतर मासे खाणाऱ्या माशांत. मांदेली, तारली, बांगडा ही लहान मासळी गर्भवतीला हितकारकच आहे. कारणे जेथे कळली तेथे उपाय निघाला, ही या साऱ्यातील समान गोष्ट. ग्रहण पाळून एकाही मुलाचा ओठ वाचलेला नाही.

पाऱ्याने बरबटलेला मिनामाताचा उपसागर १९७७ ते १९९० या काळात गाळ उपसून आणि भराव घालून बुजविण्यात आला. त्या भरावाच्या जमिनीवर, समुद्राच्या कडेला, रोग्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी स्वत:च्या हातांनी कोरलेल्या लहान लहान दगडी मूर्ती उभ्या आहेत. बुद्धरूपांच्या त्या ओबडधोबड मूर्ती माणसांसाठी आहेत, तशाच मेलेल्या माशांसाठी आणि मांजरांसाठीही आहेत. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळाचे नाव सुखावती पंथातील मूळ प्रतिज्ञेवरून घेतलेले आहे. २०१३ मध्ये पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार याच गावाच्या नावाने स्वीकारण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये तो अंमलात आला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली.

या कराराच्या पक्षराष्ट्रांची पहिली परिषद सप्टेंबर २०१७ मध्ये जिनिव्हात भरली. तेथे मिनामाताची एक स्त्री चाकाच्या खुर्चीतून आली होती. १९५६ साली, रोगाचा अधिकृत शोध लागला त्याच वर्षी, ती गर्भातच विष घेऊन जन्मली होती. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेच्या वेळी किशोरवयात आईचा हात धरून ती जगासमोर उभी राहिली होती. आता साठी उलटलेली होती. अडखळत, एकेक शब्द कष्टाने उच्चारीत तिने देशोदेशींच्या प्रतिनिधींना सांगितले की, मिनामाता रोग संपलेला नाही, आणि स्त्रियांचे व मुलांचे रक्षण करा.